लेकुरवाळी रुई

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते रुईची पानं पुसायचं. शिमग्याच्या आधीचा शुक्रवार होता. दारातल्या पत्र्याखाली पोतं टाकून बसलो होतो. कौसा, म्हणजे माझी बायको, एकेक पान उलटं करून बघायची, ओल्या फडक्यानं पुसायची आणि माझ्याकडं टाकायची. मी देठाजवळ दाभण घालून दोऱ्यात ओवायचो. तोंडानं भांडण चालू. भांडण नसलं की आमचे हात चालत नसत.

त्या दिवशीचं भांडण एका पिवळ्या ठिपक्यावरून होतं. पानाच्या पाठीला, शिरेला चिकटून बसला होता. ज्वारीचा दाणा असतो तेवढा.

"पिचकारीचं पिल्लू हाय," कौसा म्हणली. पिचकारी हे तिनंच एका किड्याला ठेवलेलं नाव, ते पुढं सांगतो.

"मावा हाय. गोळा होऊन बसलाय," मी म्हणलो.

"माव्याला असले पाय असत्यात का?"

"तुझ्या डोळ्यावर पडदा आलाय."

"पडदा कुणाच्या डोळ्यावर आलाय ते बीडच्या डाक्टरला इचारा. त्यानं तुमचं नाव घेतलं हुतं, माझं न्हाई."

"उद्या उजेडात बघू."

"बघा. पण नाकाला लावून बघू नका, मारंल तोंडावर."

ते पान तिनं थाळीत ठेवलं, वर चाळण पालथी घातली. निकाल उद्यावर गेला. दिवेलागणीला ती म्हणली, छातीत जड वाटतंय. भिंतीला टेकून बसली. मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत ती गेली होती.

झालं. एवढंच लिहायचं होतं खरं तर. पण दिवाळी अंकाच्या बाई बीडहून आल्या आणि म्हणल्या, काका, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, असा धंदा आम्ही कुठं ऐकला नाही. मी म्हणलो, मी चौथीत शाळा सोडली. म्हणल्या, जसं बोलता तसं लिहा. तर तसं लिहितोय. शिव्या तेवढ्या गाळल्यात.

धंदा म्हणजे मारुतीला शनिवारी घालायच्या रुईच्या पानांच्या माळा. रुई तुम्ही बघितली असेल. बांधावर, ओढ्याकाठी, एसटी स्टँडच्या मागं, कुठंही उगवते. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, शेळी हुंगून पुढं जाते. पान जाड, राखुंडी फासल्यासारखं. तोडलं की पांढरा चीक गळतो. तो डोळ्यात गेला तर माणूस नाचायला लागतो. असलं हे झाड मारुतीला मात्र आवडतं. का, ते मला माहीत नाही. मी देवाला विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मला एवढंच कळलं की ह्याला मालक नसतो. ज्याला शेत नाही त्याला धंदा करायचा तर बिनमालकाचंच काहीतरी धरावं लागतं.

गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. साडेसातीवाले, तालमीतली पोरं, एसटीचे ड्रायव्हर, निवडणुकीला उभे राहिलेले. नेकनूरच्या गाडीवर एक कंडक्टर होता. त्याची साडेसाती संपली तरी माळ न्यायचा. मी म्हणलो, सायेब, संपली की आता. तर म्हणला, तिकडची संपली, घरातली चालू हाय.

माळ ओवणं अवघड नाही. अवघड आहे पान निवडणं. पान फाटकं चालत नाही, भोकाचं चालत नाही आणि त्याच्यावर जिवंत काही चालत नाही. माळ हातात घेताना अळी बाहीत शिरली तर माणूस देवापुढं काय काय बोलतो ते मी ऐकलंय. आणि रुईवर तर सदा पाळणा हललेला. बाकीच्या जनावरांनी टाकलेलं झाड म्हणून किड्यांनी तिथं बाळंतपणाचा दवाखाना काढलाय.

मी सुरुवातीला दिसेल ते चिरडायचो. कौसा आल्यावर ते बंद झालं.

"देवाच्या पानावरचं लेकरू हाय. मारायचं न्हाई."

तिनं पितळी थाळी घेतली. पानावर सापडलेलं प्रत्येक पिल्लू थाळीत, आणि संध्याकाळी थाळी घेऊन परत रुईवर.

मी म्हणायचो, "अगं, आज सोडतीस, पुढल्या शुक्रवारी त्यालाच उचलतीस. हे काय काम झालं?"

"मग? तुमी रोज ताट खरकटं करता, मी रोज घासतेच की."

आता पोराचं तोंड आईबापावर जातं हे माणसांत. किड्यांत काही मेळच नाही. कुणाचं पोर कोण, हे सांगणं मोठं कठीण. कौसानं ते शोधून काढलं. ज्याचं कूळ कळेना त्याला ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पानासकट ठेवायची, तोंडाला फडकं बांधून. मग रोज डोकावून बघायचं, काय होतंय. एकदा मी जेवताना लोणचं म्हणून बरणी उघडली आणि फुलपाखरू माझ्या नाकाला धडकून वर गेलं. ती टाळ्या वाजवत म्हणली, "बघा, मी म्हणलं नव्हतं?" आणि मी भाकरी कोरडी खाल्ली.

नावं तिनंच ठेवली. एक अळी असते, अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या दोऱ्यासारखी शिंगं, पुढं, मधी आणि मागं. चालताना ती हलतात, म्हणून ती 'मुंडावळी'. तिचं तांबूस फुलपाखरू होतं. दुसरी 'सुसर'. काळी, खरबरीत, अंगावर पिवळे डाग, पळायला चपळ. तिचा मोठेपणी लाल टिकलीसारखा गोल किडा होतो, काळ्या ठिपक्यांचा. सुसर पान खात नाही, मावा खाते. मावा तर कापूसवाल्यांना सांगायला नको. पिवळा, चिकट, शेंड्याला थापून बसलेला. आणि चौथी 'पिचकारी'. ते एका टोळाचं पिल्लू. पिवळट अंग, त्यावर बारीक काळे-लाल ठिपके. गरीब दिसतं. धरलं की घाणेरडं पाणी उडवतं, सरळ तोंडावर. नुकतीच जन्मलेली पिचकारीची पिल्लं घोळक्यानं बसतात, आणि लांबून बघितलं तर हुबेहूब मावा वाटतात.

म्हणजे मला वाटतात. कौसाला कधी वाटली नाहीत.

एकदा ती माजलगावला बहिणीकडं गेलती. शनिवारच्या माळा मी एकट्यानं केल्या, पानंही मीच बघितली. सकाळी गुरवमामा देवळातून पळत आले. धोतराचा सोगा हातात.

"नामदेवा, चल लवकर! देवाला मुंडावळ्या आल्या!"

जाऊन बघतो तर मारुतीच्या कपाळावर आमची अळी. मधोमध बसलेली, दोन्हीकडची शिंगं हलवतीय. लाल शेंदूर, त्यावर ते पट्टे, लांबून खरंच नवरदेव. गावभर झालं. देवाला लग्न करायचंय म्हणून लोक नारळ घेऊन आले. दोन म्हाताऱ्यांनी हळदीचं गाणं धरलं. एकजण म्हणला, नवरी कोणत्या गावची बघायची? मला कळलं होतं काय आहे ते. पण त्या दिवशी माझ्या माळा दुपारच्या आतच संपल्या होत्या, म्हणून मी गप्प होतो.

संध्याकाळच्या गाडीनं कौसा उतरली. पिशवी हातात तशी देवळाच्या पायरीशी आली. एक नजर टाकली आणि आवाज चढवला.

"ब्रह्मचारी देव हाय त्यो! जलमभर लग्न केलं न्हाई, आता म्हातारपणी मुंडावळ्या बांधता व्हय? गुरवमामा, उतरवा ती. पानावर घ्या, चिमटीत धरू नका."

गुरवमामांनी पानावर घेतली. माणसं अशी हिरमुसली की जमलेलं लग्न मोडावं. म्हाताऱ्यांनी गाणं अर्ध्यात सोडलं. घरी येताना कौसा मला एवढंच म्हणली, "सकाळपासून उपाशी बसलं लेकरू देवाच्या कपाळावर. तुमाला कळत न्हाई?"

दुसरी गोष्ट टोळधाडीची. त्या साली टीव्हीवर रोज टोळ दाखवत होते, अख्खं रान साफ करणारे. मी ओढ्याकाठी पानं तोडायला गेलो तर रुईच्या रुई पिवळ्या ठिपक्यांनी भरलेल्या. माव्याएवढे बारीक नव्हते, म्हणून ह्या खेपेला मी हुशारी केली. मावा न्हाई म्हणलो, टोळ म्हणलो, आणि पारावर जाऊन ओरडलो, "आली रे धाड!"

थाळ्या वाजवायचा सराव त्या साली सगळ्या देशालाच झालता. आमचं गाव थाळ्या, डबे, हलगी घेऊन ओढ्यावर उतरलं. तासभर बडवलं. पोरं बडवून दमली. पिल्लं जागची हलली नाहीत. उलट काही आवाज ऐकायला पानाच्या वरच्या अंगाला येऊन बसली. तेवढ्यात कौसा भाकरी घेऊन आली. डोक्यावरची पाटी खाली ठेवून चहूकडं बघितलं.

"काय हाय? पिचकारीच्या लेकरांचं बारसं काढलंय का?"

मग कृषी खात्यातल्या बाई स्कूटीवर आल्या. त्यांनी नीट बघितलं आणि सांगितलं, काका, हा रुईवरचाच टोळ, मोठा झाला की निळा-पिवळा होतो, त्या धाडीचं आणि ह्याचं काही नातं नाही. कौसानं त्यांना तिथंच बांधावर बसवलं आणि किती प्रश्न विचारले! अंडी कुठं घालतो, कात किती वेळा टाकतो, चीक पिऊन मरत कसा नाही. बाईंना सगळं येत होतं. चीकच अंगात साठवून तोच उडवतो म्हणल्या. कौसा त्या दिवशी एवढी खूश, की बाईंना घरी नेऊन पिठलं-भाकरी घातली. इकडं माझा दोस्त दगडू माझ्या मागं लागला.

"काय बे नाम्या, बायकोची जेवायची थाळी चेपली माझ्या हातनं. आता घरी तू चल सांगायला."

मी गेलो नाही. तोही उशिरापर्यंत गेला नाही.

पण खरी गोष्ट ती लग्नाची. ती सांगतो आणि मग शनिवारची सांगतो.

काही लोकांत तिसरं लग्न लाभत नाही म्हणतात. म्हणून तिसरं लग्न लावायचं रुईशी, आणि बाईशी लावायचं ते चौथं. कडा गावाकडचे एक पुढारी होते, आम्ही त्यांना आबा म्हणू. पहिली बायको वारलेली, दुसरीची फारकत झालेली. आता माजलगावकडची एक विधवा बाई बघितली होती. भटजी म्हणले, आधी रुई. झाड उभं पाहिजे, जिवंत पाहिजे, पांढऱ्या फुलाचं पाहिजे. मुहूर्ताच्या दिवशीच मला बोलावणं आलं. मी कौसाला म्हणलो, चल, नवरी बघायला जाऊ.

आबांच्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं बांधावर पांढरी रुई होती. उंच, सरळ, भरलेली. मी म्हणलो, हीच. आबा म्हणले, हीच. कौसा पुढं झाली, दोन पानं उलटली आणि म्हणली,

"आबासायेब, ही नवरी चालायची न्हाई."

"कावून?"

"लेकुरवाळी हाय."

सगळे हसले. आबा हसले नाहीत. मला वाटलं, आलेलं काम जातंय हातचं. मी लांबूनच म्हणलो, "मावा हाय आबा, मावा. पाण्याचा शिपका मारला की जातो."

"मावा न्हाई, पिचकारी हाय," कौसा म्हणली. "आत मोठीबी बसल्यात. जवळ जाऊन बघा की."

"मुहूर्त टळतोय," भटजी म्हणले. मी काही जवळ गेलो नाही.

रुईला पिवळी साडी गुंडाळली. ओटी भरली, हळद लावली. अंतरपाट धरला. आबा फेटा बांधून उभे. मंगलाष्टकं झाली आणि 'सावधान' म्हणल्याबरोबर पन्नास माणसांनी मुठी भरभरून अक्षता झाडावर मारल्या. आता तुम्हीच सांगा, तुम्ही पोराबाळांत निवांत बसलाय आणि चहूकडनं तांदूळ बसायला लागले, तर तुम्ही काय कराल?

अंतरपाट निघाला. आबा मंगळसूत्राचा दोरा बांधायला वाकले. पहिली चिळकांडी डोळ्यात, दुसरी मिशीत, आणि शिवी द्यायला तोंड उघडलं तर तिसरी तिथं. आबा मागं उडाले ते भटजींच्या अंगावर. भटजी ओटीच्या नारळावर. मागनं कुणीतरी बोंबललं, "पहिली आली! पहिल्या वैनीसायेब आल्या!" अर्धी वरात उसात पळाली.

कौसा जागची हलली नाही. पदर तोंडाला लावून म्हणली, "कुणी पहिली न्हाई आली. तिची लेकरं हायत. सावत्र बाप पसंत पडला न्हाई त्यान्ला."

आबा एका डोळ्यानं बघत म्हणले, "ही बाई कोण हाय?"

मी म्हणलो, "मी वळखत न्हाई."

आबांचा डोळा सुजला आणि तसल्याच डोळ्यानं खरं लग्न झालं. ती माजलगावची बाई फार हसरी निघाली. फोटोत आबा एका डोळ्याचे आहेत, तो फोटो तिनं बैठकीत लावलाय, आल्यागेल्याला सगळी गोष्ट सांगते. तेव्हापासून आबा कौसाला विहीणबाई म्हणायचे. दर दिवाळीला साडी यायची, रुईकडच्यांचा मान म्हणून.

आणि त्या दिवसापासून घरात मी कशालाही मावा म्हणलो की कौसा काही न बोलता पदर तोंडावर घ्यायची. भाजीत काही निघालं, मी म्हणलो मावा, हिचा पदर वर. पाहुण्यांदेखत सुद्धा.

आता माळा मी एकटाच करतो. थोड्याच करतो. पानं डोळ्यापेक्षा बोटानंच जास्त बघतो. गुरवमामा माझ्यासमोर माझीच माळ तीनदा झटकतात आणि मग देवाला घालतात.

तर तो शनिवार. आमचा मुलगा उसतोडीला सांगलीकडच्या कारखान्यावर होता. तो येईपर्यंत कौसाला ठेवायचं ठरलं. दुपार होणार होती. सकाळी घर बायांनी भरलेलं. चूल बंद. कौसा मधी निजलेली, उशाला दिवा. मी भिंतीपाशी. माझ्या डोळ्यातनं टिपूस आलेलं नव्हतं. रात्रीपासून नाही. येतच नव्हतं.

कौसाची बहीण शांता माजलगावहून आली होती. ती म्हणली, "दाजी, रडा वो जरा. आत कोंडून ठेवू नका."

"येत न्हाई तर काय करू?"

"दगड हाय म्हातारा," कोपऱ्यातनं कुणीतरी बोललं. हळू बोलल्यासारखं, पण मला ऐकू येईल एवढं.

गुरवमामा आले. माझ्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला. मग त्यांची नजर पत्र्याखाली ओल्या पोत्याकडं गेली. पोत्याखाली माळा होत्या.

"नामदेवा, त्या माळा..."

"सुतक हाय, मामा. देवाला आज तसाच राहू द्या."

"देवाचं काय न्हाई रे. लोक येत्यात."

"लोकांनाबी तसंच राहू द्या."

ते मान हलवत बसले. आणि मला जात्यावर थाळी दिसली. चाळण तशीच पालथी. काल संध्याकाळी ती थाळी रुईवर न्यायची होती, ती राहिलीच. एवढ्या बाया आल्या, कुणी हात लावला नव्हता. मी उठलो आणि थाळी उचलली.

"दाजी, कुठं निघालात?"

"आलो."

"आवो, अशा वेळंला..."

"आलो म्हणलं ना."

घरामागं ओढ्याकडं जाताना पहिलीच रुई लागते. चाळण काढली. मुंडावळ्या होत्या, त्यांना पानाच्या पाठीकडं लावलं, तिथंच त्यांना बरं वाटतं. सुसर होती. तिला माव्याच्या शेंड्यावर सोडलं, तिनं लगेच खायला सुरुवात केली. तिला कसलं सुतक. मग राहिलं ते एक पान.

ऊन चांगलं वर आलं होतं. पान उन्हात धरलं. पिवळा ठिपका जागेवर होता. डोळे बारीक केले. काही कळेना. पान फिरवलं. पिवळं, एवढंच दिसतंय. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं म्हणलो, "मावाच हाय."

पदर वर घ्यायला कुणी नव्हतं.

म्हणून मी पान आणखी जवळ आणलं, पार नाकापाशी, आणि नखानं हळूच ढोसलं.

उजव्या डोळ्यात बसली. अशी बसली की मी थाळी सोडली. झणझणायला लागलं. उजव्या डोळ्याचं बघून डाव्यालाही पाणी आलं, नाक वाहायला लागलं. तसल्यात चाचपडत ते पान फांदीच्या बेचक्यात अडकवलं, पिल्लू पडू नये म्हणून हात खाली धरून. मग खालनं थाळी हुडकली आणि भिंती धरत घरी आलो.

दारात शांतानं बघितलं आणि ती धावत आली. मला मिठीच मारली.

"रडले गं बाई! दाजी रडले एकदाचे!"

सगळ्या बायांनी नव्यानं सूर धरला. जी मला दगड म्हणली होती तिचा आवाज सगळ्यांत वर. गुरवमामांनी उपरण्यानं डोळे पुसले. कुणी मला पाणी आणलं, कुणी पाठीवरनं हात फिरवला. मी कुणाला काही सांगितलं नाही. बायांतनं वाट काढत गेलो, कौसाच्या उशाशी बसलो, आणि तिच्या कानापाशी वाकून म्हणलो,

"पिचकारीच हाय."